पिंजरा रोज कोरडा कसा?

मंडळी, दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू चार तास शू न करता राहील का हो?

आमच्या टिप्याला शिस्त लागावी म्हणून पिंजरा आणला. पहिल्या दिवशी त्याने आतच धार सोडली. मग आठवडाभर काहीच नाही. मी त्याला आत घालून नागोठण्याला दुकानावर जाते, दुपारी गडबला घरी परत येते, तर खालचा पेपर ठणठणीत कोरडा! काल तर पिंजऱ्याला चक्क हिंगाचा वास.

आज मुद्दाम तासभर लवकर आले. पिंजरा अंगणात उन्हात, टिप्या मोकळा, आणि आत सासूबाईंचे पोह्याचे पापड वाळत घातलेले!

"उघड्यावर कावळं ठेवतात व्हय गो?" सासूबाई म्हणाल्या. "पिल्लू परसात जाऊन येतंय. त्याला कशाला कोंडतेस?"

"अहो आई, त्याने आत शू केलेली!"

"मग? फडकं घातलंय की खाली."

डबाभर पापड रोह्याला नणंदेकडे पोचलेत. तिला सांगू का? सकाळीच तिचा फोन होता. म्हणाली, यंदा मीठ अगदी बरोबर पडलंय.