आधी दोन थेंब

जर्मन जावयाने बॅगेतून कपड्यांत गुंडाळून आणलेली, त्याच्या गावची पिल्सनर बिअर बाहेर काढली. बिअर चाखून फोनवर तारे देण्याचा मला छंद आहे, आणि त्यात मी पक्का खडूस. पाचपैकी साडेतीनच्या वर सहसा जात नाही.

तो थोडी ओतायचा, फेस बसू द्यायचा, पुन्हा थोडी ओतायचा. बायको म्हणाली, "दूध तापवतोय की काय हा!" शेवटी सोनेरी बिअरवर सायीसारखा फेस धरला.

मी सवयीने बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडले. त्याने चमकून पाहिलं. मुलगी त्याला म्हणाली, "जे आता नाहीत, त्यांना आधी."

मग त्यानेही बोट बुडवलं, आमच्या फरशीवर थेंब टाकले आणि हळूच म्हणाला, "पापा." ही त्यांचीच आवडती बिअर होती. आमच्या या व्याह्यांना मी कधी भेटलोच नाही.

पहिल्या घोटाला ताज्या पावाची चव होती, मागून कोवळ्या मेथीसारखा स्वच्छ कडवटपणा आला. कडू तेवढं वाईट, असं आपण उगाच धरून चालतो. हा कडूपणा तर जिभेवर रेंगाळावासा वाटत होता.

"बाबा, किती तारे?" मुलीने विचारलं.

"व्याह्यांचा आहेर आहे हा. आहेराला कुणी तारे देतं का?" असं म्हणून मी ग्लास कपाळाला लावला.

हीसुद्धा आमच्याकडची रीतच असणार, असं समजून जावयानेही आपला ग्लास कपाळाला लावला. मी त्याला नाही म्हणालो नाही.