डावीकडची कोरफड

आमच्या घरात दुधाची वाटणी थोरलीने केली होती. डावी बाजू तिची, उजवी बाळाची. ती अडीच वर्षांची आणि बाळ चार महिन्यांचं. बाळाचं तोंड चुकून डावीकडे गेलं की ती त्याचं डोकं दोन्ही हातांनी, कलिंगड वळवावं तसं वळवायची आणि म्हणायची, "तुझं तिकडं." दोघं एकदम प्यायला लागली की बायको भिंतीला टेकून बसायची आणि मला हाक मारायची, "अहो, पाणी पाजा. आणि नाकाला खाज आलीय, तेवढी खाजवा."

मळवलीत मी तीन बंगल्यांची देखभाल करतो. शनिवार-रविवार पाहुणे, सोमवारी त्यांच्या चादरी. पंचेचाळिशीत पहिल्यांदा बाप झालो. लोणावळ्याला चिक्की घ्यायला थोरलीला कडेवर घेऊन गेलो, तर दुकानदार म्हणाला, "नातीला कुठली देऊ, काका?" मी म्हणालो, "शेंगदाण्याची." नातं दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.

ते मला चालायचं. न चालणारी गोष्ट वेगळी होती. थोरली माझ्याकडे येत नसे. पडली की आई, झोप आली की आई, मोर दिसला तरी सांगायला आई. मी उचललं की अंग लाकडासारखं ताठ करायची. मला वाटायचं, हिचं अंगावरचं पिणं तुटलं की ही आपोआप माझ्याकडे येईल. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचो ते असं, की दूध दोघांना पुरत नाही.

आमच्या खोलीला लागून ज्यांचं भाताचं खाचर आहे त्या मावशींना हे एकदम पटलं.

"आवं भाऊ, यवढी घोडी झाली, आजून पाजता व्हय? कोरफड लावा. माज्या पाची पोरांचं तसंच तोडलं म्या. येक डाव कडू लागलं का परत बघत न्हाईत."

"रडेल हो मावशी."

"दोन दिस रडंल. तुमी नका रडू, म्हंजे झालं."

त्याच आठवड्यात बाळाची लस होती. थोरलीला सर्दी-ताप, म्हणून बायको घरी राहिली आणि बाळाला उपकेंद्रात मी नेलं. सिस्टरनी वजन केलं, कार्डावर लिहिलं आणि म्हणाल्या, "मस्त वाढतंय. थोरलीपण पिते? पिऊ द्या की. आईने पोटभर जेवायचं, पाणी प्यायचं, तेवढं तुम्ही बघा."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या सिस्टर?"

"ठीक आहे म्हणाल्या," मी बाळाची टोपी काढत म्हणालो. "पण अजून वाढायला हवं म्हणे."

दुसरं वाक्य सिस्टरांचं नव्हतं, माझं होतं. बायकोने कार्ड मागितलं नाही, विश्वास ठेवला. थोरलीच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "मग तोडायचं म्हणता?" मी गप्प राहिलो. माझं गप्प राहणं म्हणजे होकार, हे तिला लग्नापासून माहीत आहे.

सोमवारी पाहुणे गेल्यावर बंगल्याच्या कुंडीतलं कोरफडीचं एक पान कापून आणलं. बायकोने पाठ फिरवून त्याचा गर डावीकडे लावला. थोरली नेहमीसारखी मांडीवर चढली, तोंड लावलं आणि थांबली. मी दाराशी तयारच होतो. आता ही रडणार, आणि मी तिला उचलून मोर दाखवायला नेणार, असं सगळं मनात ठरवलेलं.

ती रडली नाही. तिने नीट निरखून पाहिलं. मग उतरली, बाळाचा लंगोट वाळत होता तो ओढून आणला आणि आईला हळूहळू पुसायला लागली. मध्येच फुंकर घालायची. "आई, बाऊ झाला?"

तेवढ्यात बाळ भुकेने ओरडलं, म्हणून बायकोने त्याला उजवीकडे घेतलं, तर थोरली मध्ये आडवी पडली. "नको बाळ! आईला बाऊ हाय!" बाळ किंचाळतंय, थोरली त्याचं तोंड हाताने झाकतेय, बायको रडतेय. मावशींचा सल्ला शेवटपर्यंत पाळायला मीच काय तो कोरडा उरलो होतो, आणि तेही जमलं नाही.

"सिस्टर मस्त वाढतंय म्हणाल्या होत्या," मी म्हणालो. "दोघांना पिऊ द्या म्हणाल्या. ते वाढायला हवं वगैरे माझं."

"का?"

"ही माझ्याकडे येत नाही म्हणून."

मला वाटलं, आता माहेरी वराळ्याला जाते ही. ती म्हणाली, "अजून काही सांगायचं राहिलंय?"

"अळिवाचे लाडू. तुझे. रोज दोन खातो."

"ते माहितीय. म्हणूनच आई मोठा डबा पाठवते." आणि ती डोळे पुसता पुसता हसली. "आता हिला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

अडीच वर्षांच्या मुलीला काय सांगणार? मी कोरफडीचं उरलेलं पान घेतलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलो. "आईला बाऊ नाही झाला. बाबाने हे आणलं. हे कडू आहे. बाबा चुकला." एवढं बोलून मी पान चाटलं.

कोरफड इतकी कडू असते हे मला तोवर माहीत नव्हतं. ज्या वस्तूने मी तिचं तोंड कडू करायला निघालो होतो, ती मी स्वतः चाखूनही पाहिली नव्हती. माझं तोंड जे वाकडं झालं, ते नाटक नव्हतं.

थोरलीने ते बघितलं आणि खदखदून हसली. "अजून!" मी परत चाटलं. "अजून!" तिसऱ्यांदा मात्र तिने पान माझ्या हातातून काढून बाहेर फेकलं, तोच लंगोट आणला आणि माझं तोंड पुसून फुंकर घातली. बायकोने तोवर साबणाने स्वच्छ धुतलं होतं. थोरली मांडीवर चढली, जिभेचं टोक लावून पाहिलं आणि डावी बाजू परत ताब्यात घेतली. बाळाला म्हणाली, "ये. तुझं तिकडं."

डावी बाजू अजूनही तिचीच आहे, पण आता दिवसातून एकदाच, दुपारी झोपताना. कधी सोडायचं ते ती ठरवेल. तोवर मला एक काम मिळालंय. पेरू असो, औषध असो, खाचरातून उपटलेलं गवत असो, तोंडात घालण्याआधी ती धावत माझ्याकडे येते आणि वस्तू माझ्या ओठांना लावते. "बाबा, कडू?" मी चाखतो आणि जे असेल ते सांगतो. औषध कडू असलं तर कडूच सांगतो. मग ती वाकडं तोंड करत का होईना, पिते.

काल तिने लाडू आणला. मी अगदी चिमूटभर तोडला, तर आतून बायको ओरडली, "अहो, खा की सगळा! मोठा डबा आलाय."