हरिओमच्या नावाची कंदुरी

आमच्या हरिओमचं अंग बघितलं तर तुमाला वाटंल, ह्या पोरानं दुनियेत कुणाला भ्यायचं कारणच न्हाई. मांड्या अशा की शिंपी म्हणतो, दोन पँटीचं कापड आणा अन् एक शिवून न्या. अन् ह्याच पोराला मी परवा पीराच्या माळावर पाण्याच्या टँकरमागं लपलेलं बघितलं. कुणापासून लपला? तर काठी टेकत, एक पाय वढत आलेल्या माणसापासून.

मी त्याची आत्या. त्याचा बाप येडबा माझा धाकटा भाऊ. माझं माहेर अन् सासर दोन्ही ताडकळसातच, म्हणून दोन्ही घरच्या भांड्यांचा आवाज मला घरबसल्या येतो. चहाड्या करते म्हणा, पण खोटं बोलत न्हाई.

तर हरिओम. येडबाकडं पिढीजात शेरडं-मेंढरं. पोरगं चालायला लागलं ते शेरडाचं शेपूट धरूनच. शेरडाला औषध पाजायचं असलं की बाप म्हणायचा, "हऱ्या, धर." हे पोरगं बसल्या जागेवरून असं झेपावायचं की शेरडाचा मागचा पाय मुठीत. एकदा धरला की सुटायचा न्हाई. कबड्डीत पण त्याची तीच आदत. समोरचा माणूस दम धरून आत आला की ह्यानं कोपऱ्यातून त्याचा घोटा धरलाच. मी चिडवायची, "हऱ्या, धरलायस तर दूध बी काढून घे!" लाजून कान लाल व्हायचे गड्याचे.

चुडाव्याचा सिद्धोधन ह्याच्याहून मोठा. तो पुण्याकडच्या एका टीमला पगारी खेळायचा, टीव्हीवर दिसायचा. ताडकळसच्या सामन्याला पाहुणा म्हणून आला अन् आमचं ध्यान त्याच्या नजरेत भरलं. त्यानं कोचला फोन लावला, स्वतःच्या शेजारी बसवून पोराला पुण्याला नेलं, स्वतःच्या खोलीत ठेवलं. हरिओम त्याला सिद्धूदादा म्हणायचा. दादा म्हणंल ती पूर्व.

आता इथं एक गोम हाय, ती नीट समजून घ्या. सिद्धोधन खेळायचा उजव्या कोपऱ्याला. अन् हरिओमला घेतलं ते बी उजव्या कोपऱ्यालाच. मैदानात उजवा कोपरा एकच असतो, बाबांनो. एक जण उभा ऱ्हायला की दुसऱ्यानं बाजूला खुर्चीवर बसायचं, टीमचं जाकीट घालून. दादा उभा, हा बसलेला. दादानं धरलं की ह्यानं टाळ्या वाजवायच्या. दादा दमला की ह्यानं पाण्याची बाटली द्यायची.

गावात पहिल्या दिवशी बॅनर लागलं. बसस्टँडच्या हॉटेलात टीव्हीपुढं ही गर्दी! सामना सुरू झाला, संपला, हरिओम खुर्चीवर. दुसरा सामना, खुर्चीवर. बबिता, म्हणजे हरिओमची बायको, डोक्यावर पदर घेऊन मागं उभी ऱ्हायची. लोक म्हणायला लागले, "येडबा, तुझ्या पोराला खुर्ची राखायला ठेवलंय काय?" मी पण सोडलं न्हाई. फोनवर म्हणलं, "हऱ्या, बसून बसून खुर्ची झिजंल रे, आपल्या गोठ्यातलं घोंगडं पाठवू का खाली घालायला?" पोरगं हसलं. पण ते हसू वरचं वरचं.

त्याच्या मायला, नर्मदाबाईला, हे लागलं. माझी भावजय म्हणजे भोळी. टीव्हीवर सगळे एकाच रंगाच्या कपड्यात, तिला त्यातला एकच माणूस ओळखू येतो, तो म्हणजे खुर्चीवरचा. मैदानात कोण कुठं हाय, कुणाच्या जागी कोण येतंय, काही ठाव न्हाई. ती गेली आमच्या शिवारातल्या पीराला. घरी येऊन मला म्हणती, "वन्स, बोलून आले."

"काय बोललात?"

"म्हणलं, बाबा, माझं लेकरू बसून बसून सुकलं. कुणाला बी बसव, पर माझ्याला उठव. पोरगं उतरलं की बोकड देते, कंदुरीचं गावजेवण घालते."

आता नवस म्हणजे पीराशी केलेला करार. शब्द नीट वापरायला नको? पण तिला मी काय सांगू. तिच्या मनात फक्त खुर्ची होती. हा उठला की त्या खुर्चीवर दुसरा कुणी तरी बसंलच की, एवढाच तिचा हिशेब.

अन् मग तो सामना झाला. हॉटेलात मी पण होते. समोरचा गडी आत आला, सिद्धोधननं घोटा धरला, मधल्या दोघांनी वरून उड्या टाकल्या. ढीग झाला माणसांचा. सगळे उठले, सिद्धोधन उठंना. गुडघा धरून आडवा. टीव्हीवाल्यानं त्याचंच तोंड दाखवलं, मोठ्ठं करून. अन् त्याच्या तोंडामागं, बाजूच्या खुर्च्यांवर, आमचा हरिओम. जाकिटाची चेन खाली वढायलेला. अजून कुणी पडलेल्या सिद्धोधनला हात लावला नव्हता. डॉक्टर आला नव्हता. कोचनं ह्याच्याकडं बघितलं बी नव्हतं. अन् ह्याची एक बाही निघालेली.

हॉटेलात शिट्ट्या! "हरिओम! हरिओम! बघा, पठ्ठ्या तयार हाय!" कुणी तरी पेढे आणायला पळालं. बबितानं तेवढा पदर तोंडावर वढला अन् घरी निघून गेली. मी म्हणलं, अगं थांब, नवरा उतरायला लागलाय. ती म्हणली, "बघितलं आत्याबाई, जेवढं बघायचं तेवढं."

हरिओम उतरला. खेळला बी चांगला. त्या दिवसापासून शेवटच्या सामन्यापर्यंत उजवा कोपरा त्याचा. सिद्धोधनचं ऑपरेशन झालं, तो चुडाव्याला आला. अन् ज्या दादाच्या खोलीत हा ऱ्हायला, ज्याच्या ताटात जेवला, त्याला ह्यानं एक फोन केला न्हाई. घरी आल्यावर चुडाव्याच्या रस्त्याला फिरकला न्हाई. कुठं बी जायचं तर उलट्या वाटेनं. मी विचारलं तर म्हणतो, "आत्या, काय तोंड दाखवू? ते टीव्हीवर दिसलं सगळ्यांना. मला कुणी सांगितलं नव्हतं गं तयार हो म्हणून. हात आपोआप गेला."

"मग जाऊन तेवढंच सांग की."

"कसं सांगू? हात आपोआप गेला म्हणजे आधीपासूनच जायला बसला होता, न्हाई का?"



इकडं नर्मदाबाईची कंदुरीची घाई. बोकड येडबानंच निवडला अन् त्याच्या गळ्यात हात घालून डोळे बी त्यानंच पुसले. माळावर चुली पेटल्या, बापय माणसं मटणाला लागली, आमी बाया भाकरी थापायला. मुजावरानं फातिहा दिला, मलिदा वाटला. पंगती बसायला लागल्या. अन् तेवढ्यात रिक्षा थांबली अन् त्यातून काठी बाहेर आली. मग पाय. मग सिद्धोधन.

त्याला येडबानंच बाजारात गाठून आवतण दिलं होतं. कामून? तर "पोराचा दोस्त हाय, बरं दिसतंय का न बोलवणं?" बाप लेकाहून शहाणा असतो असं कुणी म्हणलं तर मला सांगा.

हरिओम टँकरमागं गेला तो तवाच.

सिद्धोधनचा गुडघा वळंना, खाली बसता येईना. नर्मदाबाई धावत गेली अन् कुठून तरी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली. "बस रे बाबा, बस. खाली बसू नको, खुर्चीवर बस." माझी तव्यावरची भाकर करपली.

सिद्धोधन हसतमुख. ताट मांडीवर घेतलं, रस्सा वरपला. "मावशी, झकास. पण कंदुरी कशाची? उरूस तर लांब हाय."

मी मधी घुसले, "अरे आधी भाकर घे, पुरती चुर. तिखट हाय, पाणी देऊ का?"

पण भावजय थांबती व्हय! "कशाची म्हणजे? तुझ्याच दोस्ताची! बसून बसून सुकला होता माझा लेक. मी पीराला म्हणलं, कुणाला बी बसव, पर माझ्याला उठव. अन् बघ, आठ दिसात उठवला!"

येडबाच्या हातातला मटणाचा वगराळा तसाच ऱ्हायला. आजूबाजूचे ज्यांनी सामना बघितला होता ते ताटात बघायला लागले. सिद्धोधनचा घास हातात. त्यानं आधी मावशीकडं बघितलं, मग आपल्या गुडघ्याकडं.

"बसलो की मावशी," तो म्हणला. "हे बघा. खुर्ची बी तुमीच दिली."

ती आधी हसली. मग हसू थांबलं. मग तिनं माझ्याकडं बघितलं, मी तव्याकडं. तिनंच जुळवलं. "तू व्हतास व्हय रे? त्या जागी तू व्हतास?"

"मीच."

"मला ठाव नव्हतं रे बाबा. मी तुला म्हणलं नव्हतं."

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास न्हाई, मावशी. माझ्यावर दोन जण पडले म्हणून गुडघा गेला. पीराचं त्यात काही न्हाई." मग तो थोडा वाकडं हसला. "पण तुमचा हाय ना? मग एक काम करा. आता माझ्यासाठी बी बोला. म्हणा, सिद्धोधनला परत उठव."

तिनं तोंड उघडलं. सगळी पंगत तिच्याकडं बघायलेली. अन् तिला कळलं. ह्याला उठव म्हणायचं तर कुणाला बसव म्हणायचं? एकच जागा हाय. तिचं तोंड तसंच मिटलं. हळूच म्हणली, "भाकर गार व्हायली. जेव तू."

तेव्हा हरिओम टँकरमागून आला. हातात पाण्याची बादली, जसं काय पाणी आणायलाच गेला होता. खुर्चीपुढं उभा ऱ्हायला.

"दादा, तू पडलास तवा मी जाकीट काढलं. कुणी सांगायच्या आधी."

"दिसलं मला. पडलो होतो, आंधळा झालो नव्हतो."

"मला..."

"फोनची वाट बघितली तुझ्या. चांगल्या निवडक शिव्या तयार ठेवल्या होत्या. तू केलाच न्हाईस." हरिओमची मान खाली. सिद्धोधननं ताट खाली ठेवलं, हात धुवायला बादलीत बुडवले, अन् उठून तेच हात ह्याच्या खांद्यावर ठेवले. मला वाटलं, आता ढकलतो. तो म्हणला, "घोटा धरायच्या आधी तू हा डावा खांदा पाडतोस. शेवटच्या सामन्यांत सगळ्यांना कळलं होतं ते. शेरडाला कळत न्हाई, चढाईला आलेल्या रेडरला कळतं. ती आदत मोड. कोचनं उजव्या कोपऱ्याला नवं पोरगं घेतलंय, तुला ठाव असंल. ते आता तुझ्याकडं बघत बसंल."

बस. एवढं बोलून काठी घेतली अन् रिक्षाकडं निघाला. ह्यानं हात धरायला पुढं केला, तो न धरताच चढला. रिक्षा गेली.

पंगती उठल्यावर मी बघितलं, हरिओम पीराच्या कट्ट्यापाशी एकटा उभा. हात जोडलेले, ओठ हलायलेले. परत आला तवा मी म्हणलं, "काय रे, मायचा नवस फिरवून आलास का?"

"अर्धाच बोललो, आत्या. त्याचा गुडघा नीट होऊ दे, इथपर्यंत आलं तोंडातून. पुढं त्याची जागा त्याला मिळू दे म्हणायचं होतं." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "न्हाई निघालं. खूप वेळ उभा होतो. न्हाई निघालं."

मला चिडवायला एरवी एवढं पुरं होतं. त्या दिवशी मी त्याच्या हातात मलिद्याचा द्रोण दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेले तर हा शेरडांपुढं वाकून उभा. झेपावायचा, थांबायचा, आपल्या डाव्या खांद्याकडं बघायचा, परत मागं जायचा. शेरडं बिचारी कोपऱ्यात गोळा झालेली. बबिता दारात उभी, बघायलेली. ती म्हणली, "त्यानं सांगितलेलं शिकायलाव, मग त्याला सांगून तरी या, शिकायलोय म्हणून."

हरिओम सरळ झाला. "सांगायचं तर पीरापुढं न निघालेलं ते अर्धं बी सांगावं लागंल."

"मग सांगा."

"ऐकून तो काय म्हणंल?"

"ते त्याला म्हणू द्या की. तुमाला कोण म्हणायलंय उत्तर देऊन या?"

नर्मदाबाई आतून डबा घेऊन आली, कालचा मलिदा. "हे दे त्याला," म्हणली. मग थोडं थांबून तिनं डबा परत घेतला. "न्हाई, नको. ह्या कंदुरीचं नको देऊ." अन् आत जाऊन दुधाची बाटली घेऊन आली.

हरिओमनं बाटली मोटरसायकलला अडकवली अन् चुडाव्याच्या रस्त्याला लागला. मी रस्त्यावर उभी होते. वढ्याच्या पुलावर गाडी थांबली. बराच वेळ तिथंच होती. मी अन् बबिता, दोघी बघत होतो. मग गाडी परत सुरू झाली, अन् तोंड चुडाव्याकडंच होतं.