साकल तीन

नाशिकजवळ, मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागा सुरू होतात तिथे, प्रतिभाताईंची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, झेंडू, शेवंती, ज्याला जे लागेल त्याची रोपं. शेडनेटखाली काळ्या ट्रेच्या लांब रांगा, आणि त्यांच्यात वाकून एकेका खळग्यात एकेक बी टोकणाऱ्या ताई. वय सत्तेचाळीस. बोलणं कमी. मी दरवर्षी गच्चीवरच्या कुंड्यांसाठी वीसेक रोपं न्यायला जाते. एवढ्याशा गिऱ्हाइकालाही त्या स्टूल देतात, बसा म्हणतात. ही गोष्ट त्यांनी मला बी टोकता टोकताच सांगितली, तीन-चार खेपांमध्ये.

त्यांच्या जावेच्या मुलीचं लग्न होतं, दिंडोरी रोडवरच्या एका लॉन्सवर. मंगलाष्टकं झाली, माणसं जेवणाकडे पळाली, ऑर्केस्ट्रावाले पाणी प्यायला उतरले. स्टेजवर एकटा कीबोर्डवाला राहिला. त्याने काही न ठरवता एक हात पट्ट्यांवर टेकवून ठेवला होता. गाणं नव्हतंच ते. एक आवाज होता, कुठून सुरू झाला ते कळू न देणारा, हळूहळू रुंद होत जाणारा. पहाटे कालव्याला पाणी सुटतं तेव्हा आधी नुसता गारवा येतो आणि मग पाणी दिसतं, तसं काहीसं ताईंना झालं. हातातल्या ताटातला भात निवला. त्या स्टेजपाशी गेल्या.

"दादा, हे कोणतं गाणं?"

"गाणं नाही ताई, नुसता आवाज आहे. सिंथेसायझरचा."

"ह्याच्यात भरलेला असतो?"

"थोडा भरलेला, थोडा आपण करायचा."

तो माणूस म्हणजे सोमनाथ. इंदिरानगरला राहणारा, पंचावन्नच्या आसपासचा, तीस वर्षं लग्नांत आणि वाढदिवसांत वाजवणारा. त्याने नंबर दिला, विसरूनही गेला. ताई मात्र ते ‘आपण करायचा’ विसरल्या नाहीत.

पुढची दोन वर्षं त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ ऐकले. एका कानात इअरफोन, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. हिंदी कळायचं, इंग्रजी थोडं थोडं, जपानी अजिबात नाही, पण बोटं कुठे जातात ते दिसायचं. आवाज कसा उगवायचा, किती वेळात भरायचा, कुठे स्थिर राहायचा आणि बोट उचलल्यावर किती वेळाने विरायचा, हे सगळं वेगवेगळं ठरवता येतं, हे कळलं त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला, भारतभाऊंना, सांगितलं, "अहो, आवाज पण तयार करता येतो."

भारतभाऊ विंचूरकडे कांद्याची रोपं पोचवायला पिकअप भरत होते. म्हणाले, "मग घे की एक. दोन वर्षं काय मुहूर्त बघती का?"

द्वारका चौकाजवळच्या दोन दुकानांत त्या जाऊन आल्या. दुकानदारांनी प्रेमाने वाजवून दाखवलं, पण बाहेरचे हॉर्न आत यायचे आणि आतली बासरी बाहेर जायची. सगळेच सिंथेसायझर चांगले वाटले, म्हणजे एकही कळला नाही. शेवटी त्यांनी सोमनाथला फोन लावला.

तो हसला. म्हणाला, "माझ्याकडे तीन पडलेत ताई. आता स्टेजवर लॅपटॉप आणि एका कीबोर्डवर भागतं, आणि लेकीला अभ्यासाला खोली हवीय. एकच ठेवणार आहे. तुम्ही असं करा, एकेक आठवडाभर घरी न्या. आवाज दुकानात कळत नाही, घरात कळतो. तिन्हींतला जो मनात भरेल तो तुमचा."

डिसेंबर होता. पिकअप रिकामी परत येताना भारतभाऊंनी पहिला सिंथेसायझर आणला. काळा, लांब, पाच सप्तकांचा. त्यात हजारावर आवाज तयार होते. सनई, सतार, तबला, चर्चमधला ऑर्गन, बायकांचा कोरस, समुद्राची लाट सुद्धा. घरात दोन दिवस जत्रा भरली. भारतभाऊंनी एका बोटाने ढोल वाजवला. सासूबाई भागुबाई, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी सनई मागितली आणि मुलीच्या लग्नाच्या आठवणीने डोळे पुसले. ताई एकेक आवाज लावून बघत राहिल्या. सगळे अस्सल होते. सतार म्हणजे सतारच. पण चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आपण नुसती यादी वाचतोय. आत जाऊन काही बदलायचं तर चार दारं उघडावी लागत, आणि बदललेला आवाज मूळच्यापेक्षा वाईट निघे. "बाजारात हिंडल्यासारखं झालं," त्या मला म्हणाल्या. "सगळं चांगलं, पण आपलं कायच नाय."

दुसरा अगदी छोटा, मांडीवर मावेल असा, राखाडी. ह्यात भरलेलं कमी. आवाजाच्या एका लहरीने दुसरीला हलवायचं आणि त्या थरथरीतून आवाज काढायचा, अशी त्याची रीत. काचेचे, धातूचे, गारेगार आवाज. त्या आठवड्यात नाशकात धुकं होतं. सकाळी शेडच्या जाळीवरून दव ठिबकायचं आणि ताई त्याच्याबरोबर एकेक स्वर सोडायच्या. ठिबक कुठला आणि स्वर कुठला ते कळेना, मजूर बायका बोलायच्या थांबल्या. त्यावर त्यांचं मन बसलंच होतं. पण आकडे बोटभर पडद्यावर, चष्मा लावूनही दिसेनात, आणि एक आकडा इकडचा तिकडे झाला, की काचेची घंटा एकदम पत्रा फाटल्यासारखी किंचाळायची. भागुबाई दचकून उठायच्या. शिवाय पट्ट्या खेळण्यातल्यासारख्या बारीक. बी टोकून टोकून ताईंची बोटं रुंद झालेली, एका बोटाखाली दोन स्वर यायचे.

तिसरा सोमनाथने पलंगाखालून काढून दिला. गडद निळा, चार सप्तकांचा, वर फिरवायच्या मोठमोठ्या गोल चाव्या, कडेला धूळ. "ह्यात एका वेळी आठच स्वर निघतात," त्याने सांगून ठेवलं. "नववा दाबला की पहिला गळतो. आता असले कोणी घेत नाही. बघा, नाही तर आणून द्या लगेच."

जेवणं झाल्यावरची वेळ होती. ऊन शेडनेटमधून गाळून येत होतं, रोपांवर, ट्रेवर, सिंथेसायझरवर सारखंच. भागुबाई बाजेवर लवंडल्या होत्या. ताईंनी चावी फिरवत फिरवत एक आवाज लावला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. एस, ए, के, ए, एल आणि पुढे तीनचा आकडा. साकल तीन. जपानी शब्द असेल असं त्यांना वाटलं.

त्यांनी एक पट्टी दाबली. काहीच नाही. मग, उशिराने, लांब कुठेतरी काही जागं झाल्यासारखं झालं. त्यांनी बोट काढलं नाही. आवाज हळूहळू एका रंगातून दुसऱ्या रंगात सरकत राहिला, आधी वाऱ्यासारखा, मग कुणी तोंड मिटून गुणगुणावं तसा. बी टोकताना बोट खळग्यात टेकतं आणि मग अगदी थोडं, जेमतेम, आणखी दाबायचं असतं. सवयीने त्यांनी तसंच दाबलं. पट्टी आधीच खाली होती, तरी आवाज उघडला. दार लोटावं आणि अंगणभर उजेड यावा तसा. दाब सोडला, दार मिटलं. पुन्हा दाबलं.

किती वेळ गेला ते त्यांना सांगता येत नाही. ताटकळलेलं एक गिऱ्हाईक झेंडूच्या रांगेत उभं राहून तसंच परत गेलं होतं, असं नंतर मजूर बायकांनी सांगितलं. आपण शेडमध्ये आहोत हे ताईंना माहीत होतं, पण शेड खूप मोठी झाली होती आणि रोपं उंच, आणि कुणालाही कुठे पोचायची घाई नव्हती. मग भागुबाई उठून बसल्या.

"प्रतिभा, मी कुठं गेले होते गं?"

"इथंच होत्या आत्या, बाजेवर."

"नाय नाय. कुठंतरी गेले होते." म्हातारीने उन्हाकडे बघितलं. "परत लाव बरं."

आठवडा संपला. गुरुवारी ताई तो निळा सिंथेसायझर चादरीत गुंडाळून इंदिरानगरला गेल्या. सोमनाथने चहा टाकला. म्हणाला, "पहिलाच घेणार ना? सगळे तोच घेतात."

"नाय दादा. हा घेते."

तो थोडा गडबडला. "अहो, आठ स्वर!"

"मला आठ लय झाले. आणि ह्याच्यात कंपनीनं एक आवाज भरलाय ना, साकल तीन, त्याच्यासाठी घेते. तसा आवाज मी कुठंच ऐकला नाय. लय मन लावून केलाय ज्यानं केलाय त्यानं."

सोमनाथने कपबशी खाली ठेवली.

"साकल नाही ताई," तो म्हणाला. "सकाळ. सकाळ तीन."

"म्हणजे?"

"कंपनीने नाही भरलेला. मी केलाय."

मग त्याने सांगितलं. एकवीस वर्षांपूर्वी त्याने तो घेतला तेव्हा लग्नात वाजवायला घेतलाच नव्हता. स्वतःचं काहीतरी करायचं होतं. रामकुंडावर भल्या सकाळी जाऊन बसायचा, ऐकायचा, घरी येऊन तो आवाज करून बघायचा. एक जमला नाही, दोन जमला नाही, तीन जमला असं वाटलं. दोघा-तिघांना ऐकवला. ‘ह्यात गाणं कुठे आहे?’ असं त्यांनी विचारलं. लग्नांचा सीझन सुरू झाला, वाजवायच्या सुपाऱ्या आल्या, आणि सिंथेसायझर पलंगाखाली गेला.

"मग तुम्हीच ठेवा हा," ताई म्हणाल्या. "मी दुसरा घेते. चष्म्याचा नंबर वाढवून घेईन."

त्याने सिंथेसायझर टेबलावर ठेवला, वायर लावली आणि स्वतः समोर खुर्ची ओढून बसला. "वाजवा ना एकदा. मी कधी समोर बसून ऐकलेलाच नाही."

ताईंनी एक पट्टी दाबली, थांबल्या, आणि मग ते आणखी थोडं. सोमनाथने डोळे मिटले. खालच्या रस्त्यावर भाजीची गाडी ओरडत होती, तीही त्या आवाजात कुठेतरी बसून गेली. ताईंनी बोट उचललं, आवाज विरला, तेव्हा त्याने डोळे उघडले.

"दाबल्यावर उघडतो ही सोय मीच केली होती," तो म्हणाला. "विसरलो होतो बघा. लग्नात एवढं हळू दाबायला वेळ कुणाला असतो?"

त्या दिवशी ताई रिकाम्या हाताने परत आल्या. नऊ दिवसांनी, संक्रांत झाल्यावर, फोन आला. "न्या तुम्ही. मी ठेवला तर परत पलंगाखालीच जाईल. आठ दिवस रोज काढून बसलो, दोनदाच हात लावला. तुमच्याकडे वाजेल तरी." भारतभाऊ पिकअप घेऊन गेले. येताना सोमनाथही पुढच्या सीटवर बसून आला, सिंथेसायझर मांडीवर घेऊन. भागुबाईंनी त्याला तिळगूळ दिला आणि लगेच विचारलं, "तो झोपेतून नेणारा आवाज तूच केला का रे बाबा?"

आता तो महिन्या-दोन महिन्यांनी येतो. शिकवायला नाही, ऐकायला. ताईंनी आतापर्यंत सहा आवाज केलेत. कुणाला ऐकवायची, कुठे टाकायची त्यांना ओढ नाही. एकदा सोमनाथने त्यांचा एक आवाज फोनवर भरून नेला आणि एका लग्नात, जेवणं चालू असताना, हळू लावून ठेवला. कुणी काही विचारलं नाही. पण वाढपी थोडे सावकाश चालायला लागले, असं तो शपथेवर सांगतो.

परवा मी गेले तेव्हा शेडच्या कडेला विटा पडल्या होत्या. रोपांना फवारा लागतो, दमटपणाने सिंथेसायझर खराब होईल म्हणून भारतभाऊ त्याच्यासाठी छोटी पक्की खोली बांधत होते. भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. खिडकी कोणत्या बाजूला काढायची यावर दोघांचं चाललं होतं. भारतभाऊ म्हणत रस्त्याच्या बाजूला, गिऱ्हाईक आलेलं दिसेल. ताई अर्ध्या भिंतीच्या आत उभ्या राहून एकदा इकडे, एकदा तिकडे तोंड करत होत्या.

"झेंडूकडं काढा," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक काय, हाक मारील."