सहलवाले काका आणि त्यांचा ठाकूर

आमच्या बालीगंजच्या घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सहलवाल्या काकांइतका आतबट्ट्याचा धंदा इतक्या तोऱ्यात करणारा माणूस अख्ख्या कलकत्त्यात नसेल. दुर्गापूजेच्या सुट्टीत पुरी, नाताळात काशी, उन्हाळ्यात दार्जिलिंग; इथली पाच-सात मराठी कुटुंबं घेऊन ते निघत. गाडीच्या चार तास आधी सगळ्यांना स्टेशनवर हजर करत, प्रत्येकाची वळकटी सोडून स्वतःच्या हातांनी पुन्हा बांधत आणि पुरीच्या समुद्रात गुडघ्यापुढे गेलेल्या बड्या साहेबांना हाका मारून बाहेर काढत. बँकेच्या एका मॅनेजरांना तर त्यांनी किनाऱ्यावर सगळ्यांदेखत कान धरायला लावले. "उद्या तुमची बायको मला जाब विचारील, तुमची बँक नाही!"

जीव मात्र ठाकूरवर, म्हणजे सहलीच्या उडिया स्वयंपाक्यावर. परमुलखातही मराठी माणसाला आमटी मिळालीच पाहिजे, या हट्टापायी काकांनी त्याला गोडा मसाला शिकवला, थालीपीठ शिकवलं, मासे रांधणं सोडायला लावलं. तो असा काही बिघडला की बंगाली घरांत चार दिवस टिकेना. सहलींवरच त्याचं पोट.

मग रेल्वेचं भाडं वाढलं, पुरीतल्या खोल्या महागल्या आणि आमच्या लोकांनी काकांनाच फाडून खाल्लं. भाडं काय त्यांनी वाढवलं होतं? पूजेच्या रेशमी साड्या घेताना ज्यांना भाव विचारायचंही सुचत नाही, ती माणसं थर्ड क्लासच्या सहलीसाठी घासाघीस करत होती! अजून संताप येतो. सर्वांत जास्त स्वतःचा, कारण "स्वयंपाकी कमी करा, तिथे लॉजमध्ये जेवू," हे काकांच्या खोलीत बसून मीच म्हणालो.

काका ताडकन उठले. "त्याला मी बिघडवलाय. आता रस्त्यावर सोडू? सहल बंद! कुणालाच नेणार नाही!"

खरंच कुणाला नेलं नाही. ठाकूर गावी निघून गेला.

पुढच्या पूजेत आम्ही आपले आपण पुरीला गेलो. स्वस्तात पडलं. लॉजमध्ये आमची उष्टी ताटं उचलायला आला तो ठाकूर. भरल्या ताटांकडे बघून हळूच म्हणाला, "खाना अच्छा नहीं लगा, बाबू? मालिक से पूछकर थोड़ी आमटी बना दूँ?"

परतल्यावर काकांनी जिन्यातच गाठलं. "काय हो, आमचा ठाकूर कुठे दिसला का तिकडे?"

"नाही," मी म्हणालो.

"मग लागला असेल कुठेतरी चांगल्या घरी," काका समाधानाने म्हणाले आणि सावकाश जिना चढून गेले.