मांडीतून घशापर्यंत

मधमाशी मानेवर चावली तेव्हा मी आणि धाकटी जाऊ कवठ्याच्या मळ्यात, कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटात होतो. फुलांत बी धरावं म्हणून तिथं मधमाश्यांच्या पेट्या ठेवलेल्या. आदल्या वर्षी एका माशीनं मला पार दवाखान्यात पोचवलं होतं, तेव्हापासून भावानं परदेशातून धाडलेलं ॲड्रेनलिनचं पेन, म्हणजे पेनासारखं दाबायचं इंजेक्शन, जवळच असायचं. बघता बघता ओठ सुजले, घसा आवळला. निऱ्या बाजूला सारल्या आणि साडीवरूनच मांडीच्या बाहेरच्या अंगाला पेन दाबलं. खट्!

मला मेलीला भलत्या वेळी भलत्या चौकश्या. दंडात का नाही, मांडीतच का, हे मी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. मांडीचा स्नायू मोठा, त्यात रक्त भरपूर, तिथून औषध लवकर अंगभर जातं, म्हणाले. मग काय, ते जाताना कळतंय का बघायला मी टपलेच! आधी काहीच नाही. मग काळीज असं धडधडलं की कानात ऐकू यायला लागलं. बोटं थरथरली, तळहात गार पडले. आणि घसा सैल झाला, श्वास आत गेला. अगं बाई, एवढंसं औषध, पोचलंसुद्धा!

पण त्याचा जोर थोडाच वेळ टिकतो, म्हणून जावेनं फोन करून गाडी बोलावली. मला आडवं केलं, पाय खताच्या गोणीवर ठेवले. डॉक्टरांनी बजावलंच होतं, उठायचं नाही. या दुखण्यात रक्त पायांकडं उतरतं, एकदम उभं राहिलं तर हृदयाला पुरत नाही. बरं वाटतंय म्हणता म्हणता माणूस जातं.

तेवढ्यात सासरे धावत आले. त्यांना आम्ही मामा म्हणतो. वीस वर्षांत मी त्यांच्यापुढं कधी बाजेवर टेकले नव्हते. पदर ओढत मी उठायलाच लागले. डोळ्यांपुढं काळोख आला, पाय गोणीवरून घसरले.

"उठू नका बाई, मराल!" जाऊ ओरडली. "मामा, त्यांचं पाय वर पायजेत!"

सासऱ्यापुढं तंगड्या वर करून पडायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मला खरंच वाटलं.

मामा मातीतच बसले. "गप पड, पोरी," म्हणाले. माझे चिखलाचे दोन्ही पाय उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतले, मला लाज वाटू नये म्हणून तोंड दुसरीकडं वळवलं आणि गाडी येईपर्यंत तसेच धरून बसले. मी नुसती रडत होते.