पळून जायला निवडलेली पौर्णिमा

आपण खरे बौद्ध आहोत की नुसते म्हणवून घेणारे, हा प्रश्न मला माझ्या गावी, चुडाव्यात, कधीच पडला नव्हता. तो पडायला समुद्र ओलांडून सिलोनला जावं लागलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. परभणीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मला कोलंबोजवळच्या एका महाविद्यालयात पाली शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. माझे वडील रेल्वेच्या गँगमध्ये रुळांखाली खडी भरायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पोरगा परदेशी निघालाय हे त्यांनी पूर्ण्यापासून पिंगळीपर्यंतच्या एकूण एक गेटमनला सांगून ठेवलं. निरोपाला अख्खी वस्ती स्टेशनवर आली. माय एवढंच म्हणाली, "तितं लय शाना होऊ नको. इचारल्याबिगर बोलू नको." मी हो हो म्हणालो, आणि गाडीनं पूर्णा गाठायच्या आत शेजारच्या प्रवाशाला बौद्ध तत्त्वज्ञान समजावून सांगायला सुरुवात केली. तो बिचारा उतरायच्या स्टेशनाआधीच उतरला असावा, असा मला आजही संशय आहे.

आमच्या वस्तीत वंदना म्हणजे दणदणीत काम. टिनाच्या विहारात बायाबापड्या, लेकरं, सगळे गळा मोकळा सोडून म्हणायचे. शेवटी जयघोष व्हायचा आणि तो रेल्वे फाटकापर्यंत ऐकू गेला पाहिजे, अशी दादांची अट. तिकडच्या महाविद्यालयातलं विहार म्हणजे निव्वळ शांतता. पहिल्याच दिवशी वंदना संपली, सगळे डोळे मिटून बसले, आणि सवयीनं माझा गळा सुटला, "भगवान बुद्धांचा विजय असो!" साथ कुणी दिली नाही. वळचणीतली कबुतरं तेवढी उडाली.

माझ्या खोलीत सिरीपाल नावाचा तिथलाच विद्यार्थी राहायचा. रात्री जेवताना त्यानं अगदी काळजीनं विचारलं, "तुमच्याकडे विहारात भांडणं होतात का?" मग माझं घराणं केव्हापासून बौद्ध, ते विचारलं. मी म्हणालो, "मी आईच्या कडेवर होतो तेव्हापासून." त्याला तो विनोद वाटला. तुम्हाला पंचशील कोण देतं, या प्रश्नावर मी म्हणालो, "आमच्याकडे भिक्खू क्वचितच येतात. एरवी माझे वडीलच देतात."

"वडील भिक्खू आहेत?"

"नाही, गँगमन."

तो मनापासून हसला. त्याच्या हसण्यात विष नव्हतं, पण मला ते रुतून बसलं. या लोकांच्या घरी दोन हजार वर्षांपासून दिवा जळतोय आणि आपण कालचे. आपली वंदनेची चालसुद्धा उधारीची, दादांनी कुठल्याशा भजनावरून बसवलेली. पुढं मी वर्गात तोंड उघडेनासा झालो. वंदनेला नुसते ओठ हलवायचो. दोनेक महिन्यांत ठरवून टाकलं: आपण नकली आहोत. घरी जावं, गँगमध्ये लागावं. दादांची मान खाली जाईल हे कळत होतं, आणि तरीही मी पेटी भरली.

पळून जायचीही अक्कल लागते. मी निवडला नेमका पोसोनच्या पौर्णिमेचा दिवस. भारताच्या बोटीकडे जाणारी गाडी वाटेत अनुराधपुराला थांबते आणि त्या दिवशी पांढरी वस्त्रं नेसून सगळा देश अनुराधपुरालाच निघतो, ही माहिती मला कुणी दिली नव्हती, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं. डब्यात उभं राहायला जागा नाही, अंगात सकाळपासून ताप. अनुराधपूर आलं तसा नळाचं पाणी प्यायला खाली उतरलो. गर्दी एवढी की नळ काही दिसला नाही. वळून पाहिलं तर गाडी सुटलेली. पेटी गाडीत, पासपोर्ट पेटीत आणि मी फलाटावर.

स्टेशनाबाहेरच्या झाडाखाली जाऊन बसलो. नंतरचं थोडं अंधुक आहे. एक जाडजूड बाई माझ्यावर ओरडत होत्या एवढं आठवतं. भाषा एक अक्षर कळेना, पण रागावण्याची ढब थेट माझ्या मावशीची. त्यात मधूनच "पुते, पुते" येत होतं. ते मात्र कळलं, पोरा म्हणत होत्या. मागं त्यांचा सगळा कुटुंबकबिला उभा. त्यांनी मातीचा लोटा पुढं केला.

इथं मला थोडं थांबून सांगावं लागेल. आमच्या गावात मोठ्या आळीत आम्हाला पाणी मिळायचं ते वरून ओतून, ओंजळीत. भांडं कधी ओठाला लागलं नाही. त्या तापातही सवयीनं मी ओंजळच धरली. बाईंना कळेना हा काय करतोय. त्यांनी माझे हात बाजूला सारले, मान धरली आणि लोटा ओठाला लावला. "बोन्न," म्हणाल्या. म्हणजे पी. मी प्यायलो. मग माझ्यादेखत त्याच लोट्यातलं उरलेलं पाणी त्या स्वतः प्यायल्या आणि पुन्हा रागवायला लागल्या.

त्यांच्या जावयाला थोडं इंग्रजी यायचं. मी भारतातला, हे कळल्यावर त्यानं सासूला सांगितलं आणि सगळ्यांनी हात जोडले. तो म्हणाला, "धम्म भारतातून इथं आला तो याच पौर्णिमेला. आई म्हणतात, बरं झालं आजच आलात." आलो कसला, पळून चाललो होतो! पण ते सांगायला तोंड होतं कुठं? काहीतरी बोलायला हवं म्हणून डोळे मिटले, आणि निघालं ते दादांच्या चालीतलं "नमो तस्स भगवतो." खडी भरणाऱ्याची चाल ती, ठेका धरूनच चालणार. बाई आधी चमकल्या, मग त्यांनी आपल्या चालीत साथ धरली. चाली दोन, शब्द तेच. "बुद्धं सरणं गच्छामि" ला आलो तेव्हा झाडाखालची इतर माणसंही म्हणत होती, आणि माझे डोळे गळायला लागले होते. शेवटी सगळे "साधू, साधू, साधू" म्हणाले. जयघोष मी गिळला.

संध्याकाळपर्यंत घाम फुटून ताप उतरला. जावयानं स्टेशनमास्तरांकरवी पुढच्या स्टेशनाला तार केली होती. परतीच्या गाडीनं पेटी आली, पासपोर्टासकट. ती मंडळी तोवर गर्दीत पांगलेली. मी कोलंबोचं तिकीट काढलं.

हा चमत्कार होता का, ते मला ठाऊक नाही. आमच्या धम्मात तसा दावा करायची सोयही नाही. एवढं खरं, की तोवर "शरण जातो" हे मी हजारदा म्हटलं होतं आणि एकदाही गेलो नव्हतो. हातात पेटी, पासपोर्ट, भाषा, ऐट, काही म्हणून उरलं नाही तेव्हा गेलो. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून ठेवल्यासारखं झालं. पुढं शिक्षण पुरं केलं. सिरीपाल शेवटपर्यंत मला गँगमनचा भिक्खू म्हणत राहिला आणि मला ते आवडायला लागलं.

घरी परतल्यावर मायला सगळं सांगितलं. तिनं पहिलं विचारलं, "नाव काय त्या बाईचं?"

"न्हाई इचारलं."

"पानी पेलास तिच्या हातचं अन् नाव न्हाई इचारलं? एवढं शिकून काय आलास मंग?"

संध्याकाळी ती विहारात हात जोडून बराच वेळ बसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "तितल्या समद्या बायांचं भलं होऊ दे म्हनलं. त्याच्यात ती बी आलीच."